कानउघाडणी कुणाची?

लहान मुलाचा कान दुखायला लागतो तो बहुतेक वेळा रात्रीच. त्याला कारणही आहे. आडवं झालं की कानातला दाब वाढतो, ठणका वाढतो आणि दिवसभर नुसतीच चिडचिड करणारं पोर मध्यरात्री किंचाळायला लागतं. घरातले सगळे दिवे लागतात. कुणी पाणी आणतं, कुणी ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकायला घेतं, आणि पोराला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालणाऱ्या आईच्या दिशेने पहिला प्रश्न येतो, 'काल कानटोपी घातली नव्हतीस ना त्याला?'

मग एकामागून एक सुरूच होतं. डोक्यावरून अंघोळ घातलीस का? पंख्याखाली झोपवलंस का? केळं दिलंस? दही दिलंस? कान नीट पुसले नसशील! मैत्रिणींनो, ज्यांनी लहान मुलं वाढवली आहेत त्यांना ही प्रश्नपत्रिका तोंडपाठ असेल. 'कानउघाडणी' हा मराठीतला मोठा मजेशीर शब्द आहे. कान दुखतो पोराचा आणि कानउघाडणी होते आईची!

आईला बोलणी बसतात, हे वाईटच. पण माझी तक्रार तेवढीच असती तर मी हा लेख लिहिला नसता. बोलणी ऐकायची आपल्याला सवय असते, एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देता येतात. माझं म्हणणं असं की, आईने काय केलं नि काय नाही याची चौकशी चालू असताना, विचारायलाच हवा असा एक प्रश्न घरात कुणीच विचारत नाही. तो म्हणजे, या मुलाला नीट ऐकू येतंय ना?

माझा लेक दहा महिन्यांचा असताना त्याचा कान पहिल्यांदा दुखला. पुढे साडेचार वर्षांचा होईपर्यंत हे प्रकरण चालू राहिलं. एका वर्षात तर पाच वेळा. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षभरात चारदा मधल्या कानाला संसर्ग झाला तर डॉक्टर त्याला 'वारंवार होणारा' म्हणतात. म्हणजे ही परीक्षा आम्ही पहिल्या श्रेणीत पास! माझ्या किरकोळ रजा ऑगस्टमध्येच संपलेल्या असायच्या. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची फाइल लाइटबिलांच्या फाइलपेक्षा जाड झाली होती. आणि सल्ले? शेजारच्या काकू, नणंद, पाळणाघरातल्या ताई, एकदा तर दवाखान्यात घेऊन जाणारा रिक्षावालासुद्धा म्हणाला, 'ताई, कान बांधायचा ना पोराचा!'

गंमत म्हणजे या सगळ्या वर्षांत माझ्या नवऱ्याला मात्र एकानेही विचारलं नाही, की काय हो, काल कानटोपी घातली होतीत का त्याला? तोही माझ्याइतकाच जागायचा. पण त्याच्या वाट्याला यायची ती शाबासकी. 'किती करतो हो मुलाचं!' एकाच रात्रीच्या जागरणाचे एकाला बक्षीस आणि एकीला जाब, हा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

बरं, हा कान दुखतो तरी का? आपल्या नाकाच्या मागच्या बाजूपासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. डॉक्टर तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात. कानात हवा खेळती ठेवायची आणि आत साठलेला ओलावा घशाकडे उतरवायचा, हे तिचं काम. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ निम्मीच आणि बरीचशी आडवी असते. सर्दी झाली की ती सुजते आणि बंद होते. आत पाणी साठतं, नाकाघशातले जंतू त्या आखूड वाटेने वर चढतात, त्या पाण्यात वाढतात, आणि पडदा आतून ताणला जाऊन ठणकायला लागतो. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत ही नळी लांब होते, कलती होते आणि बहुतेक मुलांचा त्रास आपोआप सुटतो.

म्हणजे हा संसर्ग येतो आतून, नाकाच्या वाटेने. कानटोपी असते बाहेर. अंघोळीचं पाणी पडद्याच्या बाहेरच राहतं, धड असलेला पडदा ओलांडून ते मधल्या कानात जात नाही. वारा कानात शिरून पू होत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि ती एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते. थंडीत कानटोपी जरूर घाला, पोरं तिच्यात गोंडस दिसतात आणि त्यांना ऊबही मिळते. पण ती घातली नाही म्हणून कान दुखला, हा आरोप कुठल्याही कोर्टात टिकणार नाही.

आणि हे किती मुलांना होतं? बहिरेपणाविषयी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संस्थेचा हिशेब असा आहे, की तिसऱ्या वाढदिवसाच्या आत सहापैकी पाच मुलांचा कान निदान एकदा तरी असा दुखतो. तो तिकडचा आकडा आहे, पण नळीची रचना तर सगळ्या बाळांची सारखीच. सहापैकी पाच आया एकदम निष्काळजी कशा निघतील?

आता कुणी म्हणेल, मग काळजी घेण्यासारखं काहीच नाही का? आहे ना. ज्यांचा खरोखर परिणाम होतो अशा काही गोष्टी माहीत आहेत. घरातला सिगारेट-बिडीचा धूर, चुलीचा धूर. बाळाला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजणं. सहा महिन्यांनंतरही सतत तोंडात चोखणी. अंगावरचं दूध लवकर तुटणं. पुष्कळ मुलं एकत्र असतील अशा ठिकाणी दिवसभर राहणं. नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढणं, म्हणजे मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं. न्यूमोकोकल लस यातल्या काही संसर्गांपासून वाचवते. ही लस आपल्या सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती सरकारी केंद्रात फुकट मिळते.

पण ही यादी नीट वाचा हं. कारण हीच यादी उद्या आईवरचं नवं आरोपपत्र होऊ शकते. 'डॉक्टरच म्हणाले, पाळणाघरामुळे होतं. तरी मी सांगत होते, नोकरी सोड!' अहो, पाळणाघरात सर्दी जास्त होते हे खरं, पण घरात शाळेत जाणारा दादा असला तरी तोही रोज नवी सर्दी घेऊनच येतो. त्याची शाळा कुणी सोडायला सांगत नाही. अंगावरच्या दुधाचंही तसंच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा मिळते, पण ती दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांत. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती कोण देणार? तिचं दूध तुटतं ते तिच्या हौसेने नव्हे.

आणि धूर? तो तर यादीत अगदी वर आहे. पण 'बाळाचा कान दुखतोय, तू सिगारेट सोड' असं घरातल्या पुरुषाला कितीजणींनी ऐकवलेलं तुम्ही पाहिलंय? तो बाल्कनीत जाऊन ओढतो म्हणून सगळे समाधानी. कपड्यांना, केसांना लागून तो धूर परत आतच येतो. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची पद्धत आहे. ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकायची आणि न्हालेलं बाळ त्या धुरावर धरायचं. त्यामागची माया मला कळते. पण धूर शेवटी धूरच, आणि तो जातो त्या इवल्याशा नाकात. तीच गोष्ट कानात तेल घालण्याची. लसूण कढवून कोमट तेलाचे दोन थेंब, हा आपल्या घराघरातला उपाय. संसर्ग पडद्याच्या आड असताना ते तेल तिथे पोचतच नाही. आणि पडदा फुटलेला असेल तर नको तिथे पोचतं. वरून ते कानात राहिलं की बुरशीला आमंत्रण, शिवाय डॉक्टरांना आतला पडदा धड दिसत नाही.

आईला दोष देण्याचे दोन परिणाम होतात, असं मी माझ्या आजूबाजूला पाहिलंय. पहिला परिणाम औषधांवर. बोलणी खाल्लेली आई दवाखान्यात जाते ती 'काहीतरी जालीम द्या डॉक्टर' म्हणतच. घरी जाऊन तिला दाखवायचं असतं ना, की बघा, मी सगळं केलं! २०१३ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ठरवलेली पद्धत अशी, की मूल सहा महिन्यांपेक्षा मोठं असेल, दुखणं सौम्य असेल, दोन वर्षांच्या आतलं असल्यास एकाच कानाला असेल, तर दुखणं थांबवणारं औषध देऊन दोन-तीन दिवस वाट पाहायलाही हरकत नाही. पुष्कळ मुलं प्रतिजैविकाशिवाय बरी होतात. कुठल्या मुलाची वाट पाहायची नि कुणाची नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण एखादे डॉक्टर 'दोन दिवस थांबू या' म्हणाले, तर त्या आईला घरी काय ऐकावं लागतं? 'कसला हा डॉक्टर, औषधच देत नाही! दुसरीकडे ने.' मग दुसरीकडे जोरदार औषध मिळतं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला की ते बंद होतं, आणि उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठी फ्रिजच्या दारात जाऊन बसते. प्रतिजैविक दिलं असेल तर सांगितले तितके दिवस पुरं करायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं, एवढं साधं हे गणित या गडबडीत चुकतं.

दुसरा परिणाम मला जास्त गंभीर वाटतो. ठणका थांबला, ताप गेला, मूल खेळायला लागलं की घर निःश्वास टाकतं. चौकशी संपते, आई सुटते. पण मधल्या कानातलं पाणी काही त्या दिवशी जात नाही. संसर्ग बरा झाल्यावरही महिन्याभराने दहातल्या साधारण चार मुलांच्या कानात ते तसंच असतं. तीन महिन्यांनी दहातल्या एकाच्या. पुढे पुढे ते घट्ट, चिकट होतं. ते दुखत नाही, त्याने ताप येत नाही, बाहेरून काही दिसत नाही. फक्त ऐकू कमी येतं. सरासरी २५ ते ३० डेसिबलने. म्हणजे कानांत बोटं घालून जगासारखं. मोठ्याने बोललेलं कळतं, कुजबुज कळत नाही. समोरून बोललेलं कळतं, गोंगाटात बोललेलं कळत नाही. 'साप' आणि 'ताप' यांतला फरक पुसट होतो. आणि हे कुठल्या वयात? तर जेव्हा मूल दिवसाला नवे नवे शब्द वेचत असतं त्या वयात.

वारंवार कान दुखणाऱ्या मुलाचं पाणी पुरतं आटायच्या आतच पुढची सर्दी येते. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने त्याच्या जगाचा आवाज बारीकच केलेला असतो. ते मूल तक्रार करत नाही, कारण त्याला तेच नेहमीचं वाटतं. दिसतं ते दुसरंच काहीतरी. हाक मारली की येत नाही. टीव्हीला नाक लावून बसतं. सारखं 'काय? काय?' विचारतं, नाहीतर विचारणंच सोडून देतं. मोठ्याने बोलतं. वर्गात आपल्याच नादात असतं. आणि आपण त्याला नावं ठेवतो. ऐकत नाही, हट्टी आहे, लक्ष नसतं, उशिरा बोलणार, मुलगेच ते, उशिराच बोलतात!

माझ्या लेकाच्या बालवाडीतल्या बाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'घरी फार लाडावलाय वाटतं, सांगितलेलं ऐकतच नाही.' त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, 'अगं, हा मागून हाक मारली की ओ देत नाही. पुढ्यात जाऊन बोललं की लगेच येतो. मी दोन दिवस बघतेय.' या त्याच सासूबाई बरं का, कानटोपीच्या प्रश्नाचा पहिला मान ज्यांचा असायचा! दिवसभर घरात, नातवावर डोळा ठेवून बसलेली ही बाई. तिने तो डोळा सुनेवरून काढून नातवाच्या कानावर नेला, आणि जे बालवाडीतल्या बाईंना दिसलं नाही ते तिला दिसलं. आजीच्या नजरेइतकं बारीक यंत्र कुठल्याच दवाखान्यात नसतं. ते कुठे रोखायचं तेवढंच ठरवायला हवं.

आम्ही त्याची तपासणी केली. मैत्रिणींनो, या तपासणीला घाबरू नका, तीत काही टोचत नाहीत. एकीत कानाच्या तोंडाशी एक मऊ बूच लावून हवेचा हलका दाब देतात आणि पडदा किती हलतो ते पाहतात. काही सेकंदांचं काम. दुसरीत मुलाला खेळ देतात. आवाज ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायचा. माझ्या लेकाने बराच वेळ हातातला ठोकळा डब्यावर धरूनच ठेवला होता, आवाज वाढवत नेल्यावर तो टाकला. दोन्ही कानांत पाणी होतं.

लगेच शस्त्रक्रिया? नाही. कानातलं असं पाणी आपोआप जाण्याची शक्यता बरीच असते, म्हणून साधारण तीन महिने थांबून पुन्हा तपासायचं, अशी रीत आहे. या पाण्यावर सर्दीची औषधं किंवा प्रतिजैविकं यांचा उपयोग होत नाही. त्या तीन महिन्यांत करायचं ते घरानेच. बोलताना त्याच्या पुढ्यात, त्याच्या उंचीवर बसायचं. बोलताना टीव्ही बंद. वर्गात पहिल्या रांगेत, बाईंच्या जवळची जागा. बाईंना मी तपासणीचा कागद नेऊन दाखवला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशीपासून त्याच्या खांद्याला हात लावून मग सांगायला सुरुवात केली, आणि 'लाडावलेलं' पोर एकदम शहाणं झालं! त्याचं पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आटलं. माझ्या चुलतजावेच्या मुलीचं मात्र गेलं नाही. तिच्या पडद्यात ग्रोमेट नावाची तांदळाच्या दाण्याहूनही लहान नळी बसवावी लागली. ती बहुतेकदा सहा महिने ते दीड वर्षात आपली आपणच गळून पडते. दोन्ही पोरं आता माध्यमिक शाळेत आहेत आणि आयांचं ऐकत नाहीत, पण ते कानांमुळे नव्हे!

ग्रोमेटविषयी एक सांगायला हवं. वारंवार कान दुखतो एवढ्याच कारणाने ते बसवावं का, याबद्दल मतं बदलत आहेत. २०२१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तीन वर्षांखालच्या २५० मुलांचा अभ्यास आला. पुढच्या दोन वर्षांत ग्रोमेट बसवलेल्या मुलांना आणि दुखेल तेव्हा औषध घेणाऱ्यांना जवळजवळ सारख्याच वेळा संसर्ग झाला. मात्र पाणी महिनोन्महिने तसंच राहून ऐकू कमी येत असेल, तर तो निर्णय वेगळा. म्हणजे पुन्हा मुद्दा तोच. दुखण्याच्या खेपा मोजायच्याच, पण ऐकण्याचं मोजमाप त्याहून महत्त्वाचं.

हे सगळं फाइल सांभाळणाऱ्या घरांचं झालं. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या एका बाईंच्या मुलीचा कान सतत वाहायचा. कापसाचा बोळा कायम कानात. 'लहानपणापासूनच आहे ताई, वयात आली की थांबेल,' असं तिची आई म्हणायची. त्यांच्या वस्तीत फुटका कान हा आजारच धरत नाहीत, जसं पावसात छप्पर गळायचंच. ठणक्यानंतर पडदा फुटला तर तो बहुधा काही आठवड्यांत भरून येतो. पण वेळेवर उपचार नसतील तर भोक राहतं, कान वर्षानुवर्षं वाहतो, ऐकू येणं कमी होत जातं, आणि क्वचित संसर्ग आजूबाजूच्या हाडात, मेंदूकडेही जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात वाहत्या कानाचं प्रमाण सर्वांत जास्त असणाऱ्या देशांमध्ये आपलं नाव होतं.

तिला कुणी विचारलं, 'बाई, दाखवलं का नाहीस?' तर ती काय सांगणार? सरकारी रुग्णालयात जायचं म्हणजे एका दिवसाचा खाडा, चार घरांची बोलणी. त्या चार घरांत आपलंही एक घर असतं, हे आपण सोयीने विसरतो. तिच्या मुलीच्या कानासाठी मिळालेली एक भरपगारी सुट्टी ही कुठल्याही उपदेशापेक्षा मोलाची.

सोयी नाहीतच असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून झाली. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हायची असते, आणि कानाचा संसर्ग नि कमी ऐकू येणं या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. बहिरेपणा रोखण्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा-श्रवणाचं काम करते आहे. अंगणवाडीत डॉक्टरांचं पथक येईल तेव्हा आपल्या ओळखीतल्या आईने 'हिला ऐकू येतं का तेवढं बघा' असं तोंडाने विचारायला हवं. विचारलं की बघितलं जातं. आणि हे विचारायला शिकवण्याचं काम आपल्यासारख्या चारजणी सहज करू शकतात.

मला घरोघरी काय व्हायला हवंय ते सांगते. एक वही करा. कुठला कान, कुठली तारीख, कुठलं औषध, किती दिवस. ती वही आईने नव्हे, बाबांनी लिहायची आणि दवाखान्यात पाळीपाळीने जायचं. दर खेपेला डॉक्टरांना विचारायचं, 'पाणी राहिलंय का? पुन्हा कधी तपासायचं? ऐकण्याची तपासणी करू या का?' कान साफ करायला काडी, पिन, बोळा काही घालायचं नाही. रात्री ठणका लागला तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगून ठेवलेलं दुखण्याचं औषध आधी द्यायचं. आणि कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड वाकडं झालं, मान ताठली, किंवा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

आजी-आजोबांसाठी खास काम आहे. मूल खेळात रमलेलं असताना पाच-सहा पावलं मागे उभं राहून, त्याला न दिसता, हळू आवाजात त्याचं नाव घ्यायचं. एकदा नव्हे, वेगवेगळ्या दिवशी. ही काही खरीखुरी तपासणी नव्हे, पण शंका यायला एवढं पुरतं. शंका आली की ती सुनेला बोल लावून नव्हे, नुसती सांगायची, जशी आमच्या सासूबाईंनी सांगितली. आणि बालवाडीतल्या ताईंनो, 'लक्ष देत नाही' असं प्रगतिपुस्तकात लिहायच्या आधी त्या मुलाच्या कानांची चौकशी करा. ते तीन शब्द पोराला पुढे किती वर्षं चिकटून बसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कानाडोळा होतो तो इथेच, ठणका थांबल्यानंतरच्या त्या शांत आठवड्यांत. त्या आठवड्यांत आईला जाब विचारायचं थांबवून सगळं घर थोडं पोराच्या कानांकडे वळलं, तर कानटोपी घातली की नाही यावर भांडायला पुढे अख्खा हिवाळा पडलाय.